मामांचा श्वास आणि आमची अर्धी ओळ

आमचे घरमालक वरच्या मजल्यावर श्वास घ्यायचे आणि तो आम्हाला खालच्या मजल्यावर ऐकू यायचा. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. कुंभकोणमच्या त्या गल्लीत जाऊन कोणालाही विचारा. खरं तर विचारू नका, कारण गल्लीतले लोक तुम्हाला ओट्यावर बसवतील, कॉफी पाजतील आणि मामांच्या फुप्फुसांबद्दल पाऊण तास बोलतील. तो पाऊण तास मी अनेकदा भोगलेला आहे.

मामा नात्याने माझे कोणीही नव्हते. आमच्या तंजावूरकडच्या मराठी घरांत जो वयाने मोठा आहे, आवाजाने मोठा आहे आणि ज्याच्याशी वाद घालून काही उपयोग नाही अशा प्रत्येक माणसाला मामा म्हणायची सोय आहे. त्यांना तिन्ही गोष्टी लागू होत्या. आमचे दोघांचेही पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर कावेरीकाठी आले आणि परत जायचे राहून गेले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. माझं हे लिहिण्याचं मराठी पुस्तकं वाचून कमावलेलं आहे. मामांचं मात्र अस्सल जुनं होतं. एकदा पुण्याहून माझ्याकडे एक पाहुणे आले होते. मामांनी त्यांना “बैसा, जेवण जाहलें काय?” असं पुसलं, तेव्हा पाहुणे हरखून म्हणाले, “अहो, हे म्हणजे बखरीतलं पान बोलायला लागल्यासारखं वाटतं!” मामा म्हणाले, “तुमचें ऐकून मज रेडिओ लागल्यासारखा वाटतो.” आणि वर निघून गेले. पाहुणे पुढचे दोन दिवस फार हळू आवाजात मराठी बोलले.

मी एका शाळेत गणित शिकवतो. घर भाड्याने मागायला गेलो तेव्हा वाटलं होतं, नोकरी विचारतील, माणसं किती ते विचारतील. मामा झोपाळ्यावर बसले होते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “आ म्हण.”

मी बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

मी आ म्हटलं.

“लांब म्हण. संपेपर्यंत.”

मी संपेपर्यंत म्हटलं. ते फार लवकर संपलं. मामांनी डोळे मिटले, जसे कोणी भेसळीचं दूध पिऊन मिटावेत. मग म्हणाले, “बारीक आहे. पण शनिवारीं सांजेस मोकळा असतोस काय?” अशा रीतीने मला घर मिळालं आणि त्या घराबरोबर मामांच्या भजनमंडळीतली मागच्या रांगेतली एक जागाही मिळाली. पहिलं मला हवं होतं.

त्या भजनाची पद्धत सांगितल्याशिवाय मामा समजायचे नाहीत. पुढे बसलेला मुख्य माणूस हातात चिपळ्या घेऊन एक ओळ म्हणतो. मग मागची मंडळी तीच ओळ म्हणतात. तेवढ्यात पुढचा माणूस श्वास घेतो आणि पुढची ओळ उचलतो. ही सगळी योजना कोणीतरी शहाण्या माणसाने केलेली आहे, म्हणजे पुढच्याचा दम टिकतो आणि मागच्यांनाही पुण्य मिळतं. मामांनी ती कधी मानली नाही. ते स्वतःची ओळ म्हणत, मग आमची ओळ सुरू झाली की निम्म्यातच तीही ओढून घेत आणि शेवटपर्यंत नेऊन तिथूनच पुढच्या ओळीत उडी मारत. श्वास कधी घेत, ते मला कळलेलं नाही. आम्ही मागे बसून निम्मी ओळ म्हणायचो आणि तोंड उघडं ठेवून पुढच्या निम्म्या ओळीची वाट बघायचो. नदीकाठी बसची वाट बघणाऱ्या लोकांसारखे.

एकदा मी धीर करून विचारलं, “मामा, आम्हाला आमची ओळ पुरी म्हणू का देत नाही?”

“तुम्ही सोडून द्याल.”

“काय सोडू?”

“शेवट. लोक शेवट सोडितात. सुरुवात सगळ्यांस येते.”

मला हे फार लागलं, कारण दहावीच्या मुलांबद्दल मी नेमकं हेच बोलतो.

तर अशा माणसाला आषाढात हृदयाचा त्रास झाला आणि तंजावूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन त्यांची छाती मधोमध उघडावी लागली. हाड कापून आतल्या नळ्यांचं काम केलं आणि हाड पुन्हा तारेने बांधलं. मी भेटायला गेलो तेव्हा मामा अंथरुणात बसलेले होते, चेहरा उतरलेला, आणि आवाज – मी इतका घाबरलो की खुर्चीत बसलोच नाही – आवाज माझ्याएवढा होता.

“छातीस तार बांधिली आहे,” ते कुजबुजले. “आतां मीच तंबोरा.”

मी हसलो. त्यांनाही हसायचं होतं, पण हसताना हाड दुखतं म्हणून त्यांनी मांडीवरची उशी उचलून छातीशी गच्च धरली आणि तिच्यात तोंड खुपसून हसले. दवाखान्याने प्रत्येकाला ती उशी शिकवलेली असते. खोकला आला, शिंक आली, उठायचं झालं की उशी कवटाळायची, म्हणजे कापलेल्या हाडाला आधार मिळतो. बाकीचे लोक महिन्या-दोन महिन्यांत ती उशी टाकून देतात. मामांनी तिला संसारात घेतलं.

ती उशी घेऊन ते देवळात गेले. भाजी आणायला गेले. मामींनी तिला रोजचा सुती अभ्रा शिवला आणि लग्नकार्यासाठी वेगळा, जुन्या साडीच्या जरीच्या काठाचा. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात मामा पितळेच्या पेल्यातली कॉफी एका हाताने निववत आणि दुसऱ्या हाताने उशी धरत, आणि दुकानवाल्याला सांगत की आपल्या आत हाडाला तार आहे, हात लावून बघ. तो बिचारा खरंच हात लावून बघायचा. “उशी कशाला आणली, मामा?” असं कोणी पुसलं, तर म्हणत, “खोकला सांगून येतो काय?” यावर कोणाकडेच उत्तर नसायचं. मामांच्या सगळ्या बोलण्याचा हाच ताप होता. ते चूक असत आणि उत्तर नसे.

माणसाने आजारी पडावं तर एकट्याने पडावं, असं मला पुढच्या महिन्यात कळलं. मला श्रावणात न्यूमोनिया झाला, तो साधा राहिला नाही, डाव्या फुप्फुसाभोवती पू साचला आणि त्याच दवाखान्यात, बहुधा त्याच मजल्यावर, माझी डावी कूस फासळ्यांमधून उघडून तो काढावा लागला. घरी आलो तेव्हा मी दोन वाक्यांच्या मध्ये श्वासासाठी थांबत होतो. बायको म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा तिला मध्ये बोलायला जागा मिळाली.

मामा उशी घेऊन जिना उतरून आले. माझ्या कुशीची पट्टी बघितली.

“बाजूने?”

“हो.”

“हाड कापिलें?”

“नाही मामा. फासळ्या बाजूला केल्या. मधला स्नायू कापला.”

“हां.” त्यांनी समाधानाने मान हलवली. “मग लहान ऑपरेशन.”

“मामा, पू होता! बाटली लावली होती!”

“मला तीन बाटल्या होत्या,” मामा म्हणाले आणि वर गेले.

त्या दिवसापासून आमची स्पर्धा सुरू झाली. म्हणजे ती मामांनी सुरू केली आणि मी फक्त हरत गेलो.

दवाखान्याने आम्हाला दोघांना एकच यंत्र दिलं होतं. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू, आणि तोंडात धरायची रबरी नळी. ती तोंडात धरून श्वास आत ओढायचा. जेवढा जोर, तेवढे चेंडू वर. ते शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. तमिळ, चष्मा, स्कूटर, आणि गल्लीत शिरतानाच हॉर्न. मामा तिला मूच्चु टीचर म्हणत. मूच्चु म्हणजे तमिळमध्ये श्वास. ती मामांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणायची, आणि मामांना ते आवडायचं नाही, कारण तात्तांकडून कोणी फार अपेक्षा करत नाही.

पहिल्या आठवड्यात वरून सारखा मोठा फूत्कार ऐकू यायचा आणि मग मामांच्या शिव्या. शेवटी त्यांनी यंत्र खाली आणून माझ्यासमोर आपटलं. “बिघडलेलें दिलें आहे. एक चेंडू हलत नाही.”

मी म्हटलं, करून दाखवा. मामांनी उशी छातीशी धरली, नळी तोंडात घेतली, आणि गालफडं फुगवून अशी फुंकर मारली की नळीच्या दुसऱ्या टोकाला असलेली माझी औषधाची चिठ्ठी उडून गेली.

“मामा, फुंकताय काय? ओढायचं असतं.”

“काय म्हणून?”

“श्वास आत घ्यायचा असतो.”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना ताट उलटं ठेवून जेवायला सांगितलं. संध्याकाळी मूच्चु टीचरने तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला ऐकवलं, “मी गातों. गाणारा श्वास देतो, घेत नाही. घ्यायचा कधी विचार केला नाही.”

“दिसतंय ते, तात्ता,” ती म्हणाली. तिने त्यांचा हात धरून त्यांच्याच पोटावर ठेवला. “छाती नको. इथून. आत घेताना हात वर आला पाहिजे. खाली एक पडदा आहे, श्वासाचं निम्म्याहून जास्त काम तो करतो. ऑपरेशननंतर तो रुसतो. त्याला रोज थोडं थोडं मनवायचं.”

“आणि याचें?” मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“त्यांचं वेगळं. तुमचे स्नायू कापलेले नाहीत, तुमचं हाड जुळतंय, म्हणून छाती जपून हलते. त्यांचा फासळ्यांमधला स्नायूच उघडला, म्हणून प्रत्येक श्वासाला दुखतं आणि ते अर्धाच घेतात. दोघांचं घड्याळ वेगळं आहे. एकमेकांशी तुलना करायची नाही.”

“नाही करणार,” मामा म्हणाले, आणि ती स्कूटरवर बसताच मला ओरडून पुसलं, “किती चेंडू?”

“एक,” मी म्हटलं.

“मला दीड!”

अर्धा चेंडू वर जातो कसा, हे गणिताच्या मास्तरला कोणीतरी समजावून सांगावं. पण हे रोज चाललं. सकाळी दात घासतानाच जिन्यावरून हाक यायची, “किती?” मी म्हणायचो, “एकच हो मामा.” वरून “दोन!” आणि मग दार आपटल्याचा आनंदी आवाज. मला डावा हात खांद्यापासून आखडू नये म्हणून भिंतीवर बोटांनी चढवायचा व्यायाम होता. मामांना जड उचलायला, हात वर ताणायला मनाई होती. एक दिवस मी भिंतीवर पालीसारखी बोटं चढवत होतो, मामा उशी धरून बघत होते. भाजीवाली दारात आली, दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि बायकोला हळूच म्हणाली, “अक्का, तुम्ही माहेरी जाऊन या थोडे दिवस.”

याहून वाईट म्हणजे मामांचा सराव. मला उजव्या, न कापलेल्या कुशीवर निजावं लागे. तो कान उशीत आणि डावा कान छताकडे. छताच्या वर मामांचा झोपाळा. आणि मामा रोज दुपारी, अगदी मला डुलकी लागायच्या बेताला, ओळी म्हणून बघत. पुऱ्या ओळी म्हणत असते तर बरं झालं असतं. त्यांची गाडी ओळीच्या सुरुवातीला चांगली चालायची. निम्म्यानंतर दम तुटायचा, मग खोकला, मग उशी, मग शांतता, आणि मग ते फक्त राहिलेला निम्मा भाग पुन्हा म्हणत. पुन्हा. पुन्हा. सुरुवात वगळून नुसती शेपटं. ज्या ओळींच्या सुरुवाती मला वर्षानुवर्षं पाठ होत्या त्यांचे शेवट आता दुपारभर माझ्या डाव्या कानात पडत होते, आणि मी छताकडे बघून मनात म्हणत होतो की देवा, यांना तरी बरं कर, नाहीतर मला तरी बहिरं कर.

“वर जाऊन सांगा ना,” बायको म्हणायची.

“तू सांग.”

“मी कशाला? आ म्हणून घर तुम्ही मिळवलंत.”

आणि मग एका दुपारी सराव ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं मी झोपीन. मी पडून राहिलो आणि वाट बघत राहिलो, आणि स्वतःवरच चिडलो.

मामी खाली आल्या. त्या फार कमी खाली येत. मामींबद्दल एवढंच सांगतो की त्या घरात बोलायला एकच जागा होती आणि ती मामांनी भाड्याने घेतलेली होती. त्या माझ्या पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या.

“काल पूजेत स्तोत्र मनांत म्हटलें त्यांनीं,” त्या म्हणाल्या. “मनांत. मी लग्न होऊन आलें तेव्हांपासून तें तोंडानें म्हणतात, शेजारचे त्यावर घड्याळ लावितात.”

“दमले असतील.”

“घाबरले आहेत रे. मार्गळीत मरुदानल्लूरला राधाकल्याण आहे. पहिलीं मंगळपदें त्यांनीं म्हणायचीं. मध्यें अडलें तर चिपळ्या खालीं ठेवायच्या, दुसऱ्यानें उचलायच्या, ही रीत आहे. तुला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. राधाकल्याण म्हणजे भजनात लावायचं राधाकृष्णाचं लग्न, आणि मार्गळी म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या आसपासचा तमिळ महिना. दुसरा म्हणजे तिरुविडैमरुदूरचे मामांचे चुलतभाऊ. ते स्वतःचा माइक स्वतः घेऊन येत.

“डॉक्टरांनी गायला परवानगी दिली आहे ना?”

“दिली. मध्यें श्वास घेऊन गा म्हणाले. हे म्हणतात, श्वास घेऊन गाईन तर तें गाणें नव्हे, बोलणें.” मामींनी स्टूल जरा जवळ ओढलं. “यंदा अडले तर ते पुन्हा बसायचे नाहीत. चिपळ्या भावजींस देऊन घरीं येतील आणि उगे बसतील. ते ओरडतात त्यानें मला त्रास होतो म्हणून तुम्हांस वाटतें. मला ते उगे बसलेले पाहवायचे नाहीत.”

मी काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती, हे त्यांनी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं. मी वर गेलो. जिन्यात दोनदा थांबलो.

मामा झोपाळ्यावर. उशी मांडीवर. यंत्र बाजूला. मला बघून म्हणाले, “किती?”

“दीड,” मी म्हटलं.

“खोटें.”

“तुमच्याच गणिताने सांगतोय.”

ते हसले, उशी धरायला विसरले, आणि दुखलं म्हणून मला शिव्या दिल्या. बरं वाटलं. मग मी मूच्चु टीचरचं म्हणणं भजनाला लावून मांडलं, की आमची ओळ चालू असताना त्यांनी गप्प राहावं, हात पोटावर ठेवावा, पडद्याने श्वास भरावा आणि मग पुढची ओळ घ्यावी. भजनाची मूळ योजनाच ती आहे.

“तुम्ही शेवट सोडाल,” मामा म्हणाले.

“नाही सोडणार.”

“सोडाल.”

“मामा, आम्ही एवढी माणसं मागे बसतो ती काय शोभेला?”

मामांनी माझ्याकडे रोखून बघत एक हात पोटावर ठेवला. वर म्हटल्याप्रमाणे मामा चूक असत आणि उत्तर नसे. या वेळी मात्र ते बरोबर होते, आणि ते मला कळलं नाही.

मार्गळीतल्या त्या दिवशी आम्ही मरुदानल्लूरला रिक्षाने गेलो. मामा, मामी, मी, बायको आणि जरीच्या काठाची उशी. मठात माणसं दाटीवाटीने बसलेली, मधे समई, फुलांचा नि तुपाचा वास. तिरुविडैमरुदूरचे भाऊ पहिल्या रांगेत, माइक मांडीवर, चेहऱ्यावर सहानुभूती. सहानुभूती हा प्रकार मामांना मुळीच सोसत नसे.

मामा पुढे बसले आणि मग पहिली अडचण उभी राहिली. चिपळ्यांना हात हवा, पोटावर हात हवा, उशीला दोन हात हवेत. मामांनी विचार केला. उशी मांडीवर ठेवली, डावा हात तिच्यावरून पोटाशी नेला, उजव्या हातात चिपळ्या घेतल्या. सगळ्यांनी हे बघितलं. कोणी हसलं नाही. मी मागच्या रांगेत होतो, माझ्या कुशीतला व्रण ओढला जात होता. गाणार ते होते, घाम मला.

पहिली ओळ आली. पूर्वीसारखी गल्लीभर नव्हती, पण सरळ होती, आणि शेवटपर्यंत गेली. मामांनी तोंड मिटलं. पोटावरचा हात वर आला. श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर श्वास घेतला.

आम्ही आमची ओळ सुरू केली. मठ भरून आवाज उठला, मस्त, एकमुखी, आणि निम्म्यावर येऊन थांबला.

थांबला म्हणजे एकदम थांबला. सगळेच्या सगळे. इतकी वर्षं निम्म्यावर मामा ओळ हिसकावून घेत होते. त्याच्या पुढे काय आहे ते आमच्यातल्या कोणीही कधी तोंडाने म्हटलेलंच नव्हतं. सगळे उघड्या तोंडाने मामांकडे बघत होते, आणि मामांचा श्वास निम्माच भरला होता, तो मधे सोडता येत नव्हता. त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं. मी त्यांना पुष्कळदा रागावलेलं बघितलंय. ही नजर तशी नव्हती. पहिल्या रांगेत भाऊंनी माइकचं बटण लावल्याचा टक् आवाज आला.

आणि माझ्या डाव्या कानात छत बोलायला लागलं.

मी शेपूट म्हटलं. नुसतं शेपूट. माझ्याकडे दम होता एका चेंडूचा, आणि राहिलेली निम्मी ओळ बरोबर तेवढीच होती. सूर कुठे होता ते मला विचारू नका. बायको म्हणते तो मठाच्या बाहेर, चपलांपाशी होता. पण शब्द होते, ताल होता, आणि शेवट होता. मामांचा पोटावरचा हात पूर्ण वर आला. आणि त्यांनी दुसरी ओळ उचलली.

मग ते तसंच चाललं. मामांची ओळ, आमची निम्मी ओळ सगळ्यांची, राहिलेली निम्मी माझी एकट्याची. तिसऱ्या पदाला शेजारचे एक-दोघे माझ्याबरोबर शेपटं धरायला लागले. प्रत्येक शेवटानंतर मी तोंडाने हवा ओढत होतो आणि कूस जळत होती. मंगळपदं पुरी झाली. चिपळ्या मामांच्याच हातात होत्या. भाऊंनी माइक पिशवीत ठेवला, आणि खरं सांगायचं तर तेही छान हसले.

परतताना मामा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते. गावाबाहेरची भातशेतं मागे पडली. मग ते मागे वळून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू घरात मांजराऐवजी दुसरंच जनावर निघालं.

“इतकीं वर्षें तुम्ही निम्मी ओळ म्हणत होतां?”

“हो, मामा.”

“सगळे?”

“सगळे.”

“आणि मला कोणी सांगितलें नाही!”

मी तोंड उघडलं. पण उत्तर मामींनी दिलं, रिक्षाबाहेर बघत, अगदी सहज. “सांगायास जागा कुठें ठेविलीत तुम्ही?”

मामांनी उशी छातीशी धरली. खोकला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. मंडळीतले सगळे माझ्या ओट्यावर उभे, तोंडं सुजलेली, आणि मामा हातात चिपळ्या घेऊन. शेवट शिकवायचे होते. ते तीन महिने कसे गेले ते मी लिहीत नाही. बायको वाचणार आहे.

आता आमचं घर बदललं आहे. मामा-मामी चेन्नईला मुलीकडे असतात. दर शनिवारी संध्याकाळी फोन वाजतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. मामा एक ओळ म्हणतात आणि थांबतात. मी माझी ओळ म्हणतो, पूर्ण, शेवटापर्यंत. मी म्हणत असताना पलीकडे एक सूं असा आवाज येतो, हळू, लांब, पोटापासून भरत जाणारा. पूर्वी तो छतातून यायचा तेव्हा मी देवाकडे बहिरेपण मागितलं होतं. आता तो नीट ऐकू यावा म्हणून मी पंखा बंद करतो.

माझी ओळ संपते. पलीकडचा श्वास पुरा होतो.

“शेवटीं उतरलास,” मामा म्हणतात. “पुन्हा.”